चार्ज (इंग्रजी शब्द)

चार्ज हा इंग्रजी भाषेतील एक बहुअर्थी शब्द आहे. तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत वापरला जातो. भार, भरणी, विद्युत प्रभार, शुल्क, जबाबदारी, दोषारोप, मालमत्तेवरील बोजा आणि चढाई हे त्याचे प्रमुख अर्थ आहेत. मराठी बोलण्यात हा शब्द 'मोबाइल चार्ज करणे', 'चार्जेस लावणे', 'चार्ज घेणे', 'चार्जशीट दाखल करणे' आणि 'लाठीचार्ज' अशा पाच अगदी वेगळ्या प्रसंगांत सर्रास येतो. या सर्व ठिकाणी चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द नाही. संदर्भ पाहूनच प्रतिशब्द निवडावा लागतो. कायदा, महसूल आणि वीज या क्षेत्रांत ही निवड चुकली तर वाक्याचा अर्थच नव्हे, तर त्यातून निघणारा हक्क किंवा दायित्वही बदलते.

व्युत्पत्ती

चार्ज या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'कारुस' या शब्दात आहे. त्याचा अर्थ चाकांचा गाडा. हा शब्द लॅटिनने गॉल प्रांतातील केल्टिक भाषेतून उचलला होता. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कारिकारे', म्हणजे गाड्यावर ओझे लादणे, हे क्रियापद तयार झाले. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचे रूप 'शार्जिए' असे झाले आणि तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आले. आजच्या फ्रेंचमधील 'शार्जे', स्पॅनिशमधील 'कार्गार', पोर्तुगीजमधील 'कार्रेगार' आणि इटालियनमधील 'कारिकारे' ही क्रियापदे याच कुळातील असून त्या सर्वांचा प्राथमिक अर्थ 'लादणे' किंवा 'भरणे' हाच आहे.

मराठीत रुळलेले काही इतर इंग्रजी शब्दही चार्जचे भाऊबंद आहेत. मोटारगाडी या अर्थाचा 'कार', जहाजावरील मालासाठीचा 'कार्गो', वाहून नेणे या अर्थाचा 'कॅरी' आणि गाडीवाटेवरून आलेला 'करिअर' हे सर्व त्याच गाड्यापासून निघाले आहेत. अर्कचित्रासाठी वापरला जाणारा 'कॅरिकेचर' हा शब्द इटालियनमधून आला. चेहऱ्यातील एखाद्या वैशिष्ट्यावर प्रमाणाबाहेर 'भार' देऊन काढलेले चित्र, असा त्याचा मूळ भाव आहे.

लादलेल्या ओझ्याची ही मूळ कल्पना ध्यानात घेतली की चार्जचे परस्परांपासून दूर वाटणारे अर्थ एका सूत्रात येतात. बंदुकीवर दारूचा भार, माणसावर कामाचा भार, खिशावर पैशाचा भार, आरोपीवर दोषाचा भार आणि जमिनीवर कर्जाचा भार, असा हा विस्तार आहे. मराठीतही संस्कृत 'भृ' या धातूपासून आलेल्या 'भार' शब्दाभोवती असेच कुटुंब उभे राहिले आहे. कार्यभार, पदभार, प्रभार, प्रभारी, अधिभार, भारित, पुनर्भरण आणि भारनियमन हे शब्द त्याची उदाहरणे होत. मात्र दोन्ही कुटुंबांच्या सीमा जुळत नाहीत. इंग्रजीत जेथे एकच शब्द पुरतो, तेथे मराठीने अनेकदा स्वतंत्र शब्द घडवले आहेत.

भरणी या अर्थाने

एखाद्या वस्तूत एका वेळी मावेल किंवा लागेल तेवढे द्रव्य भरणे हा चार्जचा जुना अर्थ आहे. तोंडाकडून दारू आणि गोळी भरावयाच्या बंदुकीच्या बाबतीत या क्रियेला मराठीत 'ठासणे' म्हणतात. त्यावरून 'ठासणीची बंदूक' हा शब्दप्रयोग आला. विहीर खणताना किंवा दगडखाणीत खडकात भोक पाडून त्यात स्फोटक भरतात, त्याला 'बार भरणे' किंवा 'सुरुंग भरणे' म्हणतात. येथे इंग्रजी चार्जला 'बार' हा नेमका आणि वापरातला प्रतिशब्द आहे. पाणबुडीवर टाकण्याच्या, ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बॉम्बलाही इंग्रजीत 'डेप्थ चार्ज' म्हणतात. धातू वितळवण्याच्या भट्टीत एका वेळी टाकलेल्या मालालाही चार्ज म्हणतात. मराठीत त्यासाठी 'भरण' किंवा नुसते 'भट्टीतील माल' असे म्हटले जाते.

याच कल्पनेतून इंग्रजीत 'चार्जर' या शब्दाला आज जवळजवळ विसरलेले दोन अर्थ मिळाले होते. एक अर्थ वाढपासाठीचे मोठे तबक आणि दुसरा लढाईतील अधिकाऱ्याचा घोडा. पहिला अर्थ 'लादणे' यावरून, तर दुसरा 'चढाई करणे' यावरून आला. युरोपीय कुलचिन्हांच्या शास्त्रात ढालीवर रेखाटलेल्या सिंह, गरुड यांसारख्या आकृतीलाही चार्ज म्हणतात.

विद्युत प्रभार या अर्थाने

अठराव्या शतकात स्थितिक विजेचा अभ्यास सुरू झाला तेव्हा वीज हा एक प्रवाही पदार्थ असून तो वस्तूत भरता येतो, अशी समजूत होती. १७४५-४६ च्या सुमारास वीज साठवू शकणारी लेडन बरणी तयार झाली. ती बंदुकीप्रमाणे 'भरता' आणि 'रिकामी करता' येत असे. अमेरिकी संशोधक बेंजामिन फ्रँकलिन याने अशा बरण्यांच्या संचासाठी तोफखान्याच्या परिभाषेतील 'बॅटरी' हा शब्द वापरला. विजेच्या आधिक्याला धन आणि उणिवेला ऋण म्हणण्याची पद्धतही त्याच्यापासून रूढ झाली. दोन प्रभारांमधील बलाचा नियम शार्ल ऑगस्टीन द कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये मांडला. प्रभाराच्या एककाला त्याचेच नाव देण्यात आले आहे.

आधुनिक भौतिकशास्त्रात चार्ज म्हणजे बाहेरून भरलेला पदार्थ नसून कणाचा अंगभूत गुणधर्म आहे. प्रोटॉनवर धन आणि इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण प्रभार असतो. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत या मूलभूत प्रभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम असे निश्चित करण्यात आले आहे.

या अर्थासाठी महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत 'प्रभार' किंवा 'विद्युतप्रभार' हा शब्द आहे, तर मराठी विश्वकोशात 'विद्युत् भार' असा प्रयोग आढळतो. 'भार' हा शब्द लोड या अर्थानेही वापरला जात असल्याने दुसऱ्या प्रयोगात संदिग्धता राहते. वीजबिलावरील 'मंजूर भार' किंवा वीजटंचाईच्या काळातील 'भारनियमन' यांत अभिप्रेत असलेला भार म्हणजे विजेची मागणी होय. कूलोममध्ये मोजल्या जाणाऱ्या प्रभाराशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने म्हणूनच 'प्रभार' हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो.

हिंदी परिभाषेत विद्युत प्रभाराला 'आवेश' म्हणतात. मराठीत आवेश म्हणजे जोश किंवा त्वेष. त्यामुळे हिंदी पुस्तकातील 'ऋण आवेश' तसाच उचलल्यास मराठी वाचकाचा गोंधळ उडतो. मात्र भावनेने भरलेल्या वातावरणासाठी इंग्रजीत जो 'चार्ज्ड' हा शब्द येतो, त्याला मराठीत 'भारलेले' हा सुरेख पर्याय आहे. 'भारणे' या मराठी क्रियापदाला मंत्राने प्रभावित करणे असाही अर्थ आहे, आणि 'भारलेल्या वातावरणात' या प्रयोगात त्याची छटा उतरते.

बॅटरीच्या संदर्भात 'प्रभारित करणे' हा शब्द पुस्तकात आढळतो. व्यवहारात 'चार्ज करणे', 'चार्जिंगला लावणे', 'चार्जिंग संपणे' हेच प्रयोग रूढ आहेत. काटेकोरपणे पाहिल्यास बॅटरीत निव्वळ प्रभार साठत नाही. तिच्यातील रासायनिक ऊर्जा वाढते आणि संपूर्ण बॅटरी विद्युतदृष्ट्या उदासीनच राहते. जुनी 'भरणी'ची कल्पना येथे केवळ शब्दात टिकून आहे.

मोबदला आणि आकारणी या अर्थाने

वस्तू किंवा सेवेबद्दल मागितलेली रक्कम या अर्थी चार्जला मराठीत शुल्क, आकार, फी, दर, मोबदला, मूल्य, पट्टी, हशील असे अनेक शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरता येतीलच असे नाही.

'शुल्क' हा शब्द प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क यांसारख्या ठरीव रकमांसाठी येतो. 'पट्टी' हा शब्द स्थानिक संस्था आणि पाटबंधारे खात्याच्या आकारणीशी जोडलेला आहे, जसे पाणीपट्टी. 'हशील' हा जुना शब्द आज प्रामुख्याने 'टपालहशील' या जोडशब्दात उरला आहे.

'आकार' हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सामान्य मराठीत त्याचा अर्थ घडण किंवा आकृती असा असला तरी महसुली परिभाषेत तो जमिनीवर बसवलेल्या साऱ्याच्या रकमेसाठी येतो. 'आकारणी' हा शब्दही तेथलाच. महावितरणच्या वीजबिलावर हाच शब्द चार्जसाठी वापरलेला दिसतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या ओळी वीज कंपनीने आकारलेल्या रकमा दर्शवतात. महिनाभर घर बंद राहून वापर शून्य झाला तरी स्थिर आकार भरावा लागतो. त्याच बिलावरील 'वीज शुल्क' मात्र चार्ज नसून राज्य शासनाचा कर आहे. कंपनी तो केवळ वसूल करते. मराठी बिलात 'आकार' आणि 'शुल्क' हे दोन शब्द वेगळे ठेवल्यामुळे पैसा कोणाकडे जातो हे कळते. भाषांतरात दोन्हींसाठी 'शुल्क' लिहिले तर हा भेद पुसला जातो.

हॉटेलांच्या बिलातील 'सर्व्हिस चार्ज' आणि 'सर्व्हिस टॅक्स' यांचीही अशीच गल्लत होत असे. पहिला म्हणजे सेवाशुल्क. ते हॉटेलचालक स्वतः आकारतो आणि ती रक्कम त्याच्याकडेच राहते. दुसरा म्हणजे सेवाकर. तो केंद्र शासनाचा होता आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्यात विलीन झाला. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये जारी केली.

मराठीची स्वतःची सोयही येथे नोंदवण्यासारखी आहे. क्रियापदाला 'आवळ' किंवा 'आई' हे प्रत्यय जोडून त्या कामाच्या मोबदल्याचे नाव थेट तयार होते. शिवण्याची शिवणावळ, दागिना घडवण्याची घडणावळ, माल तोलण्याची तोलाई, तसेच हमालाची हमाली हे शब्द बाजारात वापरात आहेत. सराफाच्या पावतीवरील 'मेकिंग चार्जेस' म्हणजे घडणावळ. जेवणाच्या मोबदल्याचा अर्थ असलेला 'खाणावळ' हा शब्द पुढे जेवण मिळण्याच्या जागेसाठी रूढ झाला.

'फ्री ऑफ चार्ज' या प्रयोगाला निःशुल्क, विनामूल्य, मोफत आणि फुकट हे प्रतिशब्द आहेत. पहिले दोन औपचारिक, तिसरा सर्वसाधारण आणि चौथा घरगुती आहे. 'फुकट' या शब्दाला 'वाया' अशीही छटा असल्याने शासकीय सूचनेत तो टाळला जातो.

जबाबदारी आणि ताबा या अर्थाने

सोपवलेले काम किंवा अधिकारपद या अर्थी चार्जसाठी 'कार्यभार' आणि 'पदभार' हे शब्द शासकीय मराठीत स्थिरावले आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेल्या कोशांमुळे अशा शब्दांना प्रमाणरूप मिळाले. 'पदभार स्वीकारणे' म्हणजे पदावर रुजू होणे. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे स्वतःचे पद सांभाळून दुसऱ्या पदाचे काम पाहणे. 'प्रभारी' हे विशेषण मूळ पदावर कायम नेमणूक न झालेल्या, तात्पुरते काम पाहणाऱ्या व्यक्तीसाठी येते, जसे प्रभारी कुलगुरू किंवा प्रभारी मुख्याध्यापक. राजकीय पक्षांत मात्र प्रभारी म्हणजे एखाद्या राज्याची किंवा जिल्ह्याची जबाबदारी सोपवलेला पदाधिकारी. तेथे तात्पुरतेपणाची छटा नसते.

राजनैतिक क्षेत्रात याच अर्थाचा 'शार्ज दाफेर' हा फ्रेंच शब्दप्रयोग आंतरराष्ट्रीय पातळीवर चालतो. १९६१ च्या राजनैतिक संबंधविषयक व्हिएन्ना करारात दूतावासप्रमुखांचे तीन वर्ग सांगितले आहेत आणि त्यांपैकी शेवटचा हा आहे. राजदूताचे पद रिक्त असताना किंवा राजदूत काम करू शकत नसताना तात्पुरते काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही हेच नाव आहे. मराठी वृत्तपत्रे त्याला 'प्रभारी राजदूत' म्हणतात.

इंग्रजीत ज्याची जबाबदारी सोपवली आहे त्या व्यक्तीलाही चार्ज म्हणतात. मूल आयेकडे किंवा रुग्ण परिचारिकेकडे सोपवलेला असेल, तर ते मूल किंवा तो रुग्ण तिचा 'चार्ज' होय. बालकाच्या संदर्भात मराठीत 'पाल्य' हा जवळचा शब्द आहे. या वळणाच्या दोन प्रयोगांत अनेकदा चूक होते. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे एखाद्याची जबाबदारी असलेला, तर 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे एखाद्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेला. एका छोट्या उपपदाने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते.

कायद्याच्या परिभाषेत

दोषारोप

फौजदारी कायद्यात चार्ज म्हणजे न्यायालयाने आरोपीविरुद्ध निश्चित केलेला दोषारोप. कोणता अपराध, कोणत्या कलमाखाली, केव्हा, कोठे आणि कोणाविरुद्ध घडल्याचे म्हणणे आहे, हे त्यात नमूद करावे लागते, म्हणजे नेमके कशाला उत्तर द्यायचे ते आरोपीला कळते. याविषयीच्या तरतुदी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली आहे.

'चार्जशीट' ही संज्ञा याहून वेगळी आहे. पोलिसांनी तपास पूर्ण करून न्यायालयात सादर केलेला अहवाल म्हणजे चार्जशीट. मराठीत त्याला दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र म्हणतात. हा पोलिसांचा निष्कर्ष असतो, न्यायालयाचा नव्हे. आरोपपत्र दाखल झाल्यानंतर न्यायालय दोन्ही बाजू ऐकते. खटला चालवण्याइतका आधार नसेल तर आरोपीला त्याच टप्प्यावर सोडून देते, आणि आधार असेल तर दोषारोप निश्चित करते. म्हणून 'आरोपपत्र दाखल झाले' आणि 'आरोप निश्चित झाले' ही दोन वाक्ये समानार्थी नाहीत. दोन्हींपैकी कोणत्याही टप्प्यावर व्यक्ती दोषी ठरलेली नसते.

खटल्यापूर्वीच्या सुटकेला इंग्रजीत 'डिस्चार्ज' आणि पुरावा तपासून निकालाअंती होणाऱ्या सुटकेला 'अक्विटल' म्हणतात. वृत्तपत्रीय मराठीत पहिल्यासाठी बहुधा 'दोषमुक्त करणे' आणि दुसऱ्यासाठी 'निर्दोष मुक्तता' हे शब्द येतात.

आरोपपत्राला मुदतीचेही महत्त्व आहे. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा किमान १० वर्षांच्या कारावासास पात्र अपराधांत ९० दिवसांत आणि इतर अपराधांत ६० दिवसांत तपास पूर्ण होऊन आरोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

आरोप या अर्थाच्या मराठी शब्दांतही छटा आहेत. 'आळ' आणि 'बालंट' यांत आरोप खोटा असल्याचा भाव असतो. 'ठपका' चौकशीअंती ठेवला जातो. 'फिर्याद' म्हणजे तक्रार, आरोप नव्हे. 'दोषारोप' हा तांत्रिक शब्द आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या विभागीय चौकशीतही दोषारोपपत्र दिले जाते. ती प्रक्रिया महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार चालते आणि तिचा परिणाम नोकरीवर होतो. तिच्यात कारावासाचा प्रश्न नसतो.

ज्यूरीला केलेले निरूपण

ज्यूरी पद्धतीत न्यायाधीश निकालापूर्वी ज्यूरीला पुराव्याचे सार आणि लागू होणारा कायदा समजावून सांगतो. या भाषणालाही इंग्रजीत चार्ज म्हणतात. त्याचा मुंबईच्या न्यायालयीन इतिहासाशी निकटचा संबंध आहे. नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपी निर्दोष असल्याचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो मान्य न झाल्याने त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. ज्यूरीला केलेल्या निरूपणात कायद्याची चुकीची दिशा दिली गेली होती, हा तेथील युक्तिवादाचा एक मुख्य मुद्दा होता. उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या वाक्यांतील चार्जचे 'दोषारोप' असे भाषांतर केल्यास प्रकरणाचा मुद्दाच हरवतो.

मालमत्तेवरील बोजा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० नुसार एखाद्या स्थावर मालमत्तेवर पैशाच्या फेडीची हमी ठेवली असेल, पण तो व्यवहार गहाण या प्रकारात मोडत नसेल, तर त्याला चार्ज म्हणतात. गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध सावकाराकडे जातो, चार्जमध्ये तो जात नाही. विधी परिभाषेत याला 'प्रभार' आणि महसुली व्यवहारात 'बोजा' म्हणतात. कंपन्यांच्या बाबतीत कंपनी अधिनियम, २०१३ नुसार असा प्रभार निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत नोंदवण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हा अर्थ सातबारा उताऱ्यावरून परिचित असतो. बँकेचे किंवा सहकारी सोसायटीचे कर्ज घेतल्यावर फेरफाराद्वारे उताऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात बोजाची नोंद होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ मध्ये कर्जदार सभासदाच्या घोषणापत्राद्वारे जमिनीवर असा बोजा निर्माण होण्याची तरतूद आहे. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप नाहीशी होत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून बेबाकी दाखला घेऊन फेरफाराने बोजा कमी करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास पुढील विक्री, वाटणी किंवा नव्या कर्जाच्या वेळी अडचण येते. दुसरीकडे, मोबदला देऊन आणि बोजाची माहिती नसताना सद्भावनेने मालमत्ता घेणाऱ्याविरुद्ध कलम १०० खालील प्रभार सर्वसाधारणपणे बजावता येत नाही. त्यामुळे ही नोंद कर्ज देणाऱ्याच्याही संरक्षणाची असते.

भारित खर्च

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ११२ आणि २०२ मध्ये अनुक्रमे केंद्राच्या आणि राज्याच्या एकत्रित निधीवर 'चार्ज' केलेल्या खर्चाची यादी आहे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय दस्तऐवजांत त्यासाठी 'भारित' आणि मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चासाठी 'दत्तमत' हे शब्द वापरतात. राज्यपालांची वित्तलब्धी, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज आणि न्यायालयीन हुकूमनाम्यानुसार देय रकमा हा भारित खर्च होय. त्यावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायाधीशांचे वेतन सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा या तरतुदीमागील एक हेतू आहे. येथे 'भारित' म्हणजे वाढीव किंवा जड खर्च नव्हे.

चढाई या अर्थाने

शत्रूवर वेगाने तुटून पडणे या अर्थी चार्जला चढाई, हल्ला, धावा, एल्गार आणि 'चाल करून जाणे' हे मराठी पर्याय आहेत. भाल्याचा किंवा शस्त्राचा भार पुढे रोखून धावणे, या कल्पनेशी हा अर्थ जोडला जातो. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर केलेली चढाई इंग्रजीत याच शब्दाने ओळखली जाते. चुकीच्या समजलेल्या आदेशामुळे झालेल्या त्या चढाईत मोठी प्राणहानी झाली. वन्य प्राण्यांच्या संदर्भात, उदाहरणार्थ हत्ती किंवा गवा अंगावर धावून येतो तेव्हा, 'चाल करणे' हा प्रयोग योग्य ठरतो.

'लाठीचार्ज' हा भारतीय इंग्रजीने घडवलेला शब्द आहे. मराठीत 'लाठीमार' आणि 'लाठीहल्ला' हे दोन्ही प्रतिशब्द आढळतात. शासकीय निवेदनांत व वृत्तांत 'सौम्य लाठीमार' हा प्रयोग वारंवार येतो, तर आंदोलक 'लाठीहल्ला' हा शब्द पसंत करतात. 'हल्ला' या शब्दात आक्रमणाचा भाव अधिक असल्याने या निवडीतूनही घटनेकडे पाहण्याची भूमिका व्यक्त होते.

उपसर्गांनी बनलेले शब्द

'रिचार्ज' या शब्दाचा मोबाइलच्या संदर्भात भाषांतर न करता तसाच वापर होतो. भूजलाच्या संदर्भात मात्र 'पुनर्भरण' हा शब्द पूर्णपणे रुजला आहे. विहीर पुनर्भरण आणि भूजल पुनर्भरण हे शब्द शासकीय योजनांपासून गावच्या बोलण्यापर्यंत पोचले आहेत.

'डिस्चार्ज' या शब्दाचे अर्थ चार्जइतकेच विविध आहेत. रुग्णालयातून मिळणारा डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणे, धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, शरीरातून येणारा स्राव, बॅटरीचे विप्रभारण आणि कर्जातून मुक्तता हे त्याचे काही अर्थ होत. पावसाळ्यातील बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये दिला जातो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी.

'सरचार्ज' म्हणजे अधिभार, अर्थात मूळ रकमेवर किंवा करावर बसवलेली वाढीव रक्कम. 'ओव्हरचार्ज' म्हणजे जादा आकारणी. बॅटरीच्या संदर्भात त्याच शब्दाचा अर्थ अतिप्रभारण असा होतो.

मराठीतील वापर

मराठीत 'चार्ज' हे नाम पुल्लिंगी आहे: चार्ज घेतला, चार्ज लागला. पैशाच्या अर्थाने बहुधा 'चार्जेस' हे इंग्रजी अनेकवचनच वापरले जाते. 'चार्जिंग' हे नाम नपुंसकलिंगी आहे. बोलीत 'चार्ज होणे' म्हणजे उत्साहित होणे असाही लाक्षणिक प्रयोग ऐकू येतो.

भाषांतर करताना चार्ज कोणावर किंवा कशावर आहे, तो कोण लादतो आणि तो कसा उतरतो, हे तीन प्रश्न विचारल्यास प्रतिशब्द बहुतेक वेळा निश्चित होतो. पैसे देऊन उतरतो ते शुल्क किंवा आकार, कर्ज फेडून उतरतो तो बोजा, निकालाने उतरतो तो दोषारोप आणि दुसऱ्याकडे सोपवून उतरतो तो कार्यभार.

निवडक शब्दप्रयोग व प्रतिशब्द

* इलेक्ट्रिक चार्ज: विद्युत प्रभार
* चार्ज्ड पार्टिकल: प्रभारित कण
* फिक्स्ड चार्ज (वीजबिल): स्थिर आकार
* सर्व्हिस चार्ज: सेवाशुल्क
* मेकिंग चार्जेस: घडणावळ
* अ‍ॅडिशनल चार्ज: अतिरिक्त कार्यभार
* ऑफिसर इन चार्ज: प्रभारी अधिकारी
* चार्जशीट: दोषारोपपत्र, आरोपपत्र
* फ्रेमिंग ऑफ चार्ज: दोषारोप निश्चित करणे, आरोपनिश्चिती
* चार्ज ऑन प्रॉपर्टी: मालमत्तेवरील बोजा, प्रभार
* चार्ज्ड एक्स्पेंडिचर: भारित खर्च
* लाठीचार्ज: लाठीमार
* ग्राउंडवॉटर रिचार्ज: भूजल पुनर्भरण
* सरचार्ज: अधिभार
* फ्री ऑफ चार्ज: निःशुल्क, विनामूल्य